फायटिंग गेमसाठी कंट्रोलर: पॅड, स्टिक की लीव्हरलेस?

स्ट्रीट फायटर ६ चा ट्रेनिंग मोड उघडा, पडद्यावर इनपुट दाखवायची सोय चालू करा आणि ऱ्यू किंवा केन हे पात्र घेऊन शोर्यूकेन, म्हणजे वर उसळून मारायचा ठोसा, मारा: वीस वेळा डाव्या बाजूला उभं राहून, वीस वेळा उजव्या बाजूला. किती निघाले एवढंच मोजून थांबू नका. जो फसला त्याच्या बाणांची रांग वाचा. प्रत्येक बाणाशेजारी ती दिशा किती फ्रेम धरली होती तो आकडा दिसतो. गेम सेकंदाला ६० फ्रेमनी (चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. चाळीस प्रयत्नांनंतर तुमच्या हाताच्या सवयींचा लेखाजोखा समोर येतो आणि कंट्रोलरची निवड तिथूनच करावी. नवीन कंट्रोलर घेतल्यावर चुका संपत नाहीत. एका जातीच्या जातात आणि दुसऱ्या जातीच्या येतात. ज्याच्या चुका तुमच्या हाताला दुरुस्त करता येतील, तो कंट्रोलर तुमचा.

दिशा लिहिण्यासाठी खेळाडू कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांची पद्धत वापरतात. ५ म्हणजे मधोमध, ६ पुढे, ४ मागे, २ खाली, ८ वर आणि १, ३, ७, ९ हे तिरपे कोपरे. पात्राचं तोंड उजवीकडे आहे असं धरलेलं असतं. हादोकेन (ऊर्जेचा गोळा फेकणं) २३६, शोर्यूकेन ६२३.

आता फसलेल्या रांगा बघा. शोर्यूकेनमध्ये ६-३-६ दिसतंय आणि मधला २ गायब आहे? हात पुरता खाली जात नाही. लीव्हर (आर्केड स्टिकचा दांडा) आणि डी-पॅड (पॅडवरची दिशांची कळ) दोन्हींवर ही नेहमीची चूक आहे. हादोकेनच्या शेवटी ९ येऊन पात्र उडी मारतं? अंगठा कडेवरून वर घसरतोय, आणि ही बहुतेक वेळा डी-पॅडची तक्रार असते. २-५-६ असं दिसतं, म्हणजे ३ येतच नाही? दुसरं बोट टेकायच्या आधी पहिलं उचललं जातंय. लीव्हरलेस (दांड्याऐवजी दिशांनाही बटणं असलेला कंट्रोलर) आणि कीबोर्डवर नवख्यांचं हेच होतं. हादोकेनच्या दिशा सगळ्या बरोबर, पण ठोसा ३ वर असतानाच दाबला गेला आणि बसून मारलेला ठोसा निघाला? इथे कंट्रोलर निर्दोष आहे. दोन हातांचा मेळ बसलेला नाही आणि तो कुठल्याही यंत्रावर बसवावाच लागतो.

आधी कन्सोल बघा

सगळ्यात महाग पडणारी चूक हाताची नसते. सुंदर स्टिक घरी येते आणि कन्सोल तिला ओळखतच नाही.

पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर पीएस५ चे गेम ड्युअलशॉक ४ ने, म्हणजे पीएस४ च्या पॅडने, खेळता येत नाहीत. मात्र पीएस४ साठी अधिकृत परवाना असलेल्या आर्केड स्टिकना सूट आहे. स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ च्या पीएस५ आवृत्त्यांत त्या चालतात. म्हणून खोक्यावर ‘पीएस४’ एवढंच लिहिलेली जुनी पण परवानाधारक स्टिक दिसली तर लगेच नाक मुरडू नका. परवाना नसलेला बोर्ड, म्हणजे कंट्रोलरच्या आतलं सर्किट, पीएस४ वर सुरुवातीला अगदी व्यवस्थित चालतो आणि सुमारे आठ मिनिटांनी बंद पडतो, कारण कन्सोल मागत असलेली ओळख तो देऊ शकत नाही. दुकानात दोन मिनिटं चालवून पाहिलेल्या स्टिकबद्दल म्हणूनच खात्री बाळगता येत नाही. निदान पंधरा मिनिटं सलग खेळून बघा.

एक्सबॉक्सवर नोव्हेंबर २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली उपकरणं रोखायला सुरुवात केली. त्याआधीचे ‘एक्सबॉक्सवर चालतो’ असे अभिप्राय आज धरून चालू नका. पीसीवर फारसा त्रास नाही. कंट्रोलर एक्सइनपुट या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने ओळख देत असला की आजचे जवळपास सगळे फायटिंग गेम तो स्वीकारतात.

कन्व्हर्टर, म्हणजे दुसऱ्या यंत्रणेचा कंट्रोलर कन्सोलला ओळखू येईल असं जोडउपकरण, हा मधला मार्ग आहे. ब्रूक कंपनीचे विंगमन एफजीसी यासाठीच निघाले. पण कन्सोलच्या अपडेटनंतर कन्व्हर्टरचं फर्मवेअरही (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागण्याची शक्यता कायम राहते, आणि ते काम पीसीशिवाय होत नाही. ज्याच्याकडे फक्त कन्सोल आहे त्याने थेट परवाना असलेला कंट्रोलर घेतलेला बरा.

पॅड

पॅडला ‘सुरुवातीपुरता’ समजायची रीत पडली आहे आणि ती चुकीची आहे. एव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या मेळाव्यात २०१४ मध्ये अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ ची स्पर्धा फ्रान्सच्या लफीने पहिल्या प्लेस्टेशनच्या पॅडवर, अ‍ॅडॉप्टर लावून जिंकली. हात बसलेला असेल तर पॅड शेवटपर्यंत पुरतो.

ड्युअलसेन्सचा (पीएस५ च्या पॅडचा) डी-पॅड चार वेगळ्या तुकड्यांसारखा दिसतो. आत मात्र तो एकच आहे आणि मधल्या टेकूवर डोलतो. दिशा स्पष्ट मिळतात. वर्तुळाकार फिरवताना अंगठ्याला चारही कडा जाणवतात, आणि अर्धवर्तुळाचे हल्ले सतत करणाऱ्यांच्या अंगठ्याची साल निघते. अंगठ्याचं टोक वापरू नका. पहिल्या पेराचा मांसल भाग डी-पॅडच्या मधोमध टेकवा आणि अंगठा न उचलता डोलवा. उचलून दाबत गेलात तर मध्ये ५ येतो आणि हल्ला तुटतो. एक्सबॉक्स सिरीजच्या पॅडचा डी-पॅड तबकडीवर बसवलेल्या अधिक-चिन्हासारखा आहे. त्याच्या प्रत्येक दिशेला टिचकीसारखा आवाज आणि बोटाला स्पष्ट ठोका मिळतो. तिरप्या दिशा त्यावर सोप्या जातात. तो ठोका काहींना कडक वाटतो आणि रात्री घरच्यांना ऐकू जातो.

दोन्हींचा खरा दोष खांद्यावरच्या बटणांत आहे. आर२ आणि एल२ हे मुळात बंदुकीच्या घोड्यासारखे, लांब दाबायचे ट्रिगर आहेत. सहा बटणांच्या गेममध्ये जोरदार लाथ आर२ वर येते आणि इतर बटणांपेक्षा उशिरा लागते, कारण बोटाला जास्त अंतर कापावं लागतं. गेमच्या बटण-मांडणीत जाऊन जिथे तत्काळ प्रतिसाद लागतो ते काम एल१ वर आणा. स्ट्रीट फायटर ६ मध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार हल्ला, ज्याला उत्तर म्हणून तोच मारतात, सुरू झाल्यापासून २६ व्या फ्रेमला लागतो, म्हणजे उत्तर द्यायला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ असतो. त्या वेळात जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ, म्हणजे आर१ आणि आर२, एकाच क्षणी दाबायला जाणं म्हणजे हातचं उत्तर घालवणं. दोन्ही मिळून एक बटण गेम स्वतःच देतो, ते वापरा. पीएस५ च्या सेटिंगमध्ये ट्रिगरचा विरोध बंद करा आणि कंट्रोलरची संपर्क पद्धत यूएसबी केबलवर ठेवा. नुसती केबल जोडली की पॅड केबलवर गेला असं समजू नका, ती निवड वेगळी करावी लागते.

सहा बटणं समोर असलेले पॅड या दोषावरच काढले आहेत. होरीचा फायटिंग कमांडर ऑक्टा वायरचा आहे, उजवी अ‍ॅनालॉग काडी काढून तिथे सहा बटणं दोन ओळींत दिली आहेत आणि डाव्या काडीभोवती अष्टकोनी कड आहे. सेगाच्या जुन्या पॅडच्या वळणाचा ८बिटडूचा एम३० ही त्याच विचाराचा. स्ट्रीट फायटरसाठी हे दोन्ही नेमके आहेत. टेकनसाठी त्यांची गरज नाही, तिथे दोन हात आणि दोन पाय मिळून चारच बटणं, ती साध्या पॅडवर अंगठ्याखाली येतात. ऑक्टावर उजवी काडी नसल्यामुळे इतर प्रकारचे बरेच गेम त्यावर खेळता येणार नाहीत, एवढं लक्षात ठेवून घ्या.

पॅड बिघडतो कसा? दिशांखालच्या रबरावर कार्बनचा ठिपका असतो, तो झिजतो किंवा त्यावर मळ बसतो. मग ३ कधी लागतो, कधी लागत नाही, आणि खेळणारा स्वतःला दोष देत बसतो. पॅड उघडून रबर आणि खालचा बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसला की पुष्कळदा काम होतं. टेकूच झिजला असेल तर मात्र पॅड बदलावा लागतो.

स्टिक

आर्केड स्टिक विकत घेताना आपण खरं तर तीन वस्तू घेत असतो: लीव्हर, बटणं आणि बोर्ड. खोकं हे वजन. वजनाला हसू नका. दोन किलोंच्या आसपासची किंवा त्याहून जड स्टिक मांडीवर स्थिर राहते. हलकी स्टिक २३६ च्या प्रत्येक झटक्याला सरकते, ती धरून ठेवायला मनगट आवळतं, आणि आवळलेल्या मनगटाला शोर्यूकेन जमत नाही. मेफ्लॅशची एफ३०० स्वस्त आहे आणि तिचे भाग बदलता येतात, पण ती हलकी आहे. खाली घसरण थांबवणारी रबरी चटई ठेवल्याशिवाय तिचं मूल्यमापन करू नका. पीएस४ वर तिला खरा पीएस४ पॅड जोडून ओळख उसनी घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

लीव्हरमध्ये जपानी आणि कोरियन अशी दोन घराणी आहेत. सान्वा कंपनीचा जेएलएफ हा जपानी घराण्याचा मानदंड. चार मायक्रोस्विच, एक स्प्रिंग, ३५ मिलिमीटरचा गोळा आणि खाली प्लास्टिकचं चौकोनी कुंपण, ज्याला गेट म्हणतात. नवखा खेळाडू लीव्हर कुंपणाला आपटेपर्यंत ढकलतो. स्विच त्याच्या बऱ्याच आधी वाजलेला असतो. त्यामुळे परत यायला वेळ लागतो आणि ६२३ मधला २ चुकतो. उपाय साधा आहे: आवाज बंद करून, डोळे मिटून, स्विचचा ‘टिक’ ऐकू येताच लीव्हर परत आणायचा सराव. चौकोनी गेटमध्ये कोपरा हमखास मिळतो, म्हणून मागे-खाली धरून बसणाऱ्यांना तो आवडतो. अष्टकोनी गेटमध्ये प्रत्येक दिशेला खाच जाणवते. झँगीफ हे पकडी करणारं पात्र घेऊन पूर्ण वर्तुळ फिरवणाऱ्याला ती गोलाई बरी वाटते. घाईने गेट बदलू नका, चौकोनाला हाताला वळण लागायला काही आठवडे द्या. बदलायचाच झाला तर स्टिकचं तळाचं झाकण उघडा, गेटच्या कडेच्या खुंट्या दाबा, जुना निघतो आणि नवा बसतो. पेचकस फक्त झाकणाला लागतो.

स्प्रिंग हा त्याहून कामाचा बदल आहे. जेएलएफची मूळ स्प्रिंग मऊ आहे आणि सोडल्यावर लीव्हर मधोमध यायला थोडा डोलतो. दांड्याच्या खालच्या टोकाला चपट्या पेचकसाची खाच असते. तिथे पेचकस धरून वरचा गोळा फिरवून काढा, खालची ई-आकाराची क्लिप काढा, स्प्रिंग बदला. क्लिप उडून हरवते, म्हणून हे काम ताटात करा. लीव्हर परत बसवताना तो पूर्वीच्याच दिशेने बसला की नाही हे बघा. नव्वद अंशांत फिरला तर वर ढकलल्यावर पात्र बाजूला चालायला लागेल.

कोरियन लीव्हरमध्ये स्प्रिंगऐवजी रबराचा ताण असतो, मूठ लांबट असते आणि दिशा अडवणारं चौकोनी कुंपण नसतं. सोडला की तो ताडकन मध्यावर येतो, आणि टेकनमध्ये नेमकं हेच हवं असतं. मिशिमा घराण्यातल्या पात्रांचा इलेक्ट्रिक हा हल्ला ६, मग ५, मग २, आणि शेवटी ३ व उजवा ठोसा एकाच फ्रेमला असा मागतो. तो मधला ५ मऊ लीव्हरवर पुसट होतो. पण जपानी लीव्हरसाठी बनवलेल्या खोक्यात कोरियन लीव्हर बसेलच असं नाही. त्याची उंची आणि खोक्याची आतली खोली मोजा. जेएलएफला पाच तारांची एकच पट्टी लागते, इथे प्रत्येक स्विचला वेगळी तार, म्हणून जोडणीचा अ‍ॅडॉप्टरही लागतो.

बटणांत सान्वाचं ३० मिलिमीटरचं ओबीएसएफ इतकं हलकं आहे की बोट विसावलं तरी लागतं. ज्यांना बोटं बटणांवर टेकवून ठेवायची सवय आहे त्यांच्याकडून नको तिथे ठोसे निघतात. त्यांनी सेइमित्सूची किंचित जड बटणं बघावीत. आवाजाची अडचण असेल तर सान्वाचीच मूक बटणं मिळतात. बदलताना तारेच्या टोकाची चपटी पिन तपासा: जपानी बटणांना २.८ मिलिमीटरची लागते, अमेरिकी घराण्याच्या बटणांना ४.८ ची. मोठी पिन पक्कडीने दाबून लहान खांबावर बसवली तर ती ऐन सामन्यात सुटते.

तयार स्टिकमध्ये क्वान्बाची ऑब्सिडियन २ सान्वाच्याच लीव्हर आणि बटणांसह येते, तिच्यात पहिल्या दिवसापासून काही बदलावं लागत नाही. होरीच्या अल्फात होरीचे स्वतःचे हायाबुसा भाग आहेत. तिचं वरचं झाकण पेटीसारखं उघडतं, आणि ज्याला आतलं काम शिकायचं आहे त्याला ही सोय फार मोलाची आहे. व्हिक्ट्रिक्स प्रो एफएसचं शरीर अ‍ॅल्युमिनियमचं आहे. बांधणी उत्तम, पण पहिलीच स्टिक म्हणून ती नाकापेक्षा मोती जड ठरते. लीव्हर आपल्याला मानवतो की नाही हे कळायला ऑब्सिडियन किंवा अल्फा पुरे.

लीव्हरलेस

लीव्हर काढून दिशांनाही बटणं दिली की लीव्हरलेस झाला. हिट बॉक्स कंपनीने ही मांडणी लोकप्रिय केली. डाव्या हाताची तीन बोटं मागे, खाली आणि पुढे यांवर, आणि उडीचं मोठं बटण खाली मधोमध, दोन्ही अंगठ्यांच्या आवाक्यात. लीव्हरला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करावा लागतो. बटणाला नसतो. मागे धरून बचाव करता करता एकदम पुढे झेपावणं यावर फार स्वच्छ होतं. उडीला स्वतंत्र बटण असल्यामुळे घसरून उडी लागण्याची चूक तर समूळ जाते.

बदल्यात नवी चूक येते, वर सांगितलेली २-५-६. तिरपी दिशा इथे वस्तू म्हणून नसतेच. खाली आणि पुढे दोन्ही दाबलेले असतात तेव्हाच ३ तयार होतो. म्हणून हादोकेन असा शिका: खाली दाबा आणि धरून ठेवा, पुढे दाबा, मग खालचं सोडा. पहिले दोन-तीन दिवस मुद्दाम हळू करा आणि पडद्यावर ३ समोरचा आकडा २ ते ४ फ्रेमांचा राहतोय का बघा. शोर्यूकेनसाठी पुढे दाबून सोडा, खाली दाबून धरा, पुन्हा पुढे दाबा. पहिलं ‘पुढे’ सोडायला उशीर झाला तर ६-३-२-३ दिसतं, तेही चालतं. पण ते सोडलंच नाही तर २ येणार नाही आणि मूव्ह फसेल. मागून पुढचं अर्धवर्तुळ, ४१२३६: मागे धरा, खाली दाबा, मागे सोडा, पुढे दाबा, खाली सोडा. पूर्ण वर्तुळात उडीचं बटण शेवटी आणि ठोसा त्याच्या पाठोपाठ लगेच, नाहीतर झँगीफ हवेत जातो.

टेकनच्या इलेक्ट्रिकसाठी लीव्हरलेस माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक यंत्र आहे. लीव्हरवर ३ चा कोपरा नेमक्या कुठल्या फ्रेमला लागेल याचा अंदाज बांधावा लागतो. इथे डाव्या हाताची तर्जनी आणि उजव्या हाताचं एक बोट एकदम आपटायचं असतं, टाळी वाजवल्यासारखं.

विरुद्ध दिशा एकत्र दाबल्यावर काय व्हावं, हा प्रश्न फक्त बटणांच्या दिशांना पडतो. याला एसओसीडी म्हणतात. मागे आणि पुढे दोन्ही दाबले तर काही कंट्रोलर नंतरचं बटण खरं मानतात, काही दोन्ही रद्द करून ५ देतात. गाईल या पात्राचा सॉनिक बूम हा हल्ला काही वेळ मागे धरून मग पुढे दाबल्यावर निघतो; पहिल्या पद्धतीत मागे धरून ठेवूनच पुढचं टिचकावलं तरी तो निघतो. लीव्हरवर हे शक्यच नाही. गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने २०२३ मध्ये स्ट्रीट फायटर ६ सोबत आपल्या प्रो टूर या स्पर्धामालिकेच्या नियमांत विरुद्ध दिशा रद्द होऊन मधोमधच आल्या पाहिजेत असं ठरवलं. त्यामुळे घरीही कंट्रोलर त्याच पद्धतीवर ठेवा. त्या पद्धतीत पुढचं दाबताना मागचं सोडलं नाही तर ५ दिसतो आणि बूमऐवजी नुसता ठोसा निघतो. सहा महिने सोयीच्या पद्धतीवर हात बसवून स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे बदलायला जाणाऱ्याचे हाल होतात. इतर गेमच्या स्पर्धांचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी वाचा.

रेझरचा कित्सुने पीएस५ आणि पीसीसाठी परवानाधारक आहे. पातळ, कमी उंचीचे ऑप्टिकल स्विच, सुटी होणारी पण अडकवून ठेवता येणारी केबल. टेबलावर ठेवला तर मनगट जवळजवळ सपाट राहतं. सान्वाच्या मोठ्या बटणांच्या लीव्हरलेसपेक्षा त्याचं बटण कमी खाली जातं, म्हणून हात हलका असलेल्यांना तो मानवतो आणि जोरात आपटणाऱ्यांची बोटं तळाला आदळून दुखतात. एक्सबॉक्स असेल तर तो विसरा. मोठ्या बटणांचा लीव्हरलेस हवा असेल तर व्हिक्ट्रिक्सचा एफएस-१२ आहे.

आणि मग रास्पबेरी पाय पिको या चिमुकल्या संगणक-बोर्डावर चालणारे छोटे लीव्हरलेस आले, ज्यांनी हा प्रकार सगळ्यांच्या आवाक्यात आणला. त्यांच्यात जीपी२०४०-सीई हे मुक्त फर्मवेअर असतं आणि त्याचा विलंब एका मिलिसेकंदाच्या आत आहे. म्हणजे वेगाच्या बाबतीत महागड्या बोर्डांना ते कुठेच मागे नाही. हाऊटे४२ चे कंट्रोलर याच घरातले. स्टार्टचं बटण दाबून ठेवून केबल पीसीला जोडा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.७.१ उघडा. तिथे बटणांची मांडणी बदलता येते आणि एसओसीडी न्यूट्रलवर (दोन्ही दिशा रद्द) ठेवता येतं. फर्मवेअर बदलायचं तर बोर्डावरचं बूटसेल बटण दाबून केबल जोडा, आरपीआय-आरपी२ नावाचा ड्राइव्ह दिसेल, त्यात फर्मवेअरची यूएफ२ फाइल टाका. फाइल तुमच्याच बोर्डाची हवी. प्रत्येक बोर्डाची पिनांची जोडणी वेगळी असते, दुसऱ्याची फाइल टाकली की खालचं बटण दाबल्यावर लाथ निघते. बोर्ड मेला नाही, योग्य फाइल टाकली की पूर्ववत होतो. अडचण कन्सोलची: पीएस५ वर चालवायला ओळख देणारं दुसरं परवानाधारक उपकरण किंवा डोंगल मध्ये लागतं. पीसीवर खेळणाऱ्याला मात्र मी पहिला कंट्रोलर म्हणून बिनधास्त हाच सुचवेन.

कीबोर्ड

लीव्हरलेस आवडेल की नाही हे बघायला पीसीचा कीबोर्ड पुरतो. डाव्या हाताची बोटं ए, एस, डी वर, उडी स्पेसवर, उजव्या हाताला यू, आय, ओ आणि खाली जे, के, एल. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकत्र दाबल्या की एखादी नोंदलीच जात नाही, कारण आतली वायरिंग जाळीसारखी असते आणि काही जोड्या एकमेकींना झाकतात. एस, डी आणि यू, जे एकत्र दाबून पाहा. चारही लागल्या तर निर्धास्त व्हा. एखादी गळत असेल तर दुसऱ्या कळांवर मांडणी हलवा.

कुणी काय घ्यावं

आत्ता पॅडवर खेळताय आणि फसलेल्या चाळिसातले बहुतेक ‘ठोसा लवकर’ या प्रकारचे आहेत? काहीही विकत घेऊ नका. उडी घसरते, अंगठा दुखतो, तर लीव्हरलेस. खांद्यावरची बटणं उशिरा लागतात एवढीच तक्रार असेल तर सहा बटणांचा पॅड. झँगीफ किंवा गिल्टी गिअर या गेममधला पोटेमकिन हेच पात्र असेल आणि हाताला गोल फिरवण्यात आनंद मिळत असेल तर जेएलएफची स्टिक, कारण आवडणाऱ्या हालचालीचा सराव जास्त होतो. टेकनसाठी कोरियन लीव्हर किंवा लीव्हरलेस. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू असेल तर आधी खेळणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. कंट्रोलर हा त्यावरचा इलाज नव्हे.

बदलल्यावर पहिले दोन आठवडे रँक सामन्यांत जाऊ नका. रोज वीस मिनिटं, तेच चाळीस शोर्यूकेन, तीच बाणांची रांग. टर्बो (आपोआप पुन्हा पुन्हा दाबणारी) आणि मॅक्रोची (एका दाबात अनेक क्रिया करणारी) बटणं असतील तर ती बंद करा. स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि चुकून धक्का लागला तर सामन्याचा विचका होतो.

जुनी स्टिक घेताना

चांगले भाग असलेली वापरलेली स्टिक ही सर्वांत शहाणी खरेदी असू शकते, कारण झिजणारी प्रत्येक गोष्ट बदलता येते, बोर्ड बदलणं मात्र तेवढं सोपं नाही. म्हणून बोर्ड आधी तपासा. स्वतःच्या कन्सोलला लावून पंधरा मिनिटं सलग चालवा. केबलचं मूळ, जिथे ती खोक्यात शिरते, तिथे हलकेच वाकवून बघा. कनेक्शन तुटलं तर आत तार पिचलेली आहे. ट्रेनिंग मोडमध्ये लीव्हर प्रत्येक दिशेला धरून सोडा आणि आकडा स्थिर राहतोय का बघा. धरलेला ६ मध्येच ५ होत असेल तर मायक्रोस्विच गेलेला आहे. मग प्रत्येक बटण झरझर तीस वेळा दाबा. एका दाबाला दोन नोंदी दिसल्या तर ते बटण बदलावं लागेल. तळाचं झाकण उघडू द्यायला विक्रेता तयार असेल तर आत सान्वाचं नाव कोरलेलं आहे का ते बघा, नावावर विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्टिकमध्ये आत नकली भाग निघतात. आणि पेचांच्या खाचा झिजलेल्या दिसल्या तर ती बरेचदा उघडलेली आहे. विचारा, काय बदललं होतं.